खाडीत पंप किती खोल टाकायचा? आखातातले थर, खारटपणा आणि उकाईचं पाणी

शहाद्याकडच्या एका भावाने प्रश्न टाकलाय, थोडक्यात असा: चार मित्रांनी मिळून सुरतजवळ ओलपाड तालुक्यात झिंगा (कोळंबी) वाढवायचा तलाव भाड्याने घेतलाय. एका व्हिडिओत त्यांनी बघितलं की आखातात उन्हाळ्यात पाण्याचे थर होतात, वरचं पाणी गरम आणि कमी खारं, तळाचं गार आणि जास्त खारं. म्हणून मे महिन्यात त्यांनी खाडीतलं वरचं आणि तळाचं पाणी मोजलं, तर टेम्परेचरमध्ये अर्ध्या डिग्रीचाही फरक नाही आणि खारटपणा दोन्हीकडे ३६ पीपीटी (म्हणजे हजार भाग पाण्यात ३६ भाग मीठ). तर मीटर खराब आहे का, आणि पंपाचा फुटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या टोकाचा व्हॉल्व्ह) किती खोल सोडायचा?

भाऊ, मीटर बहुतेक चांगला आहे. मी मूळचा नंदुरबारकडचा, बरीच वर्षं सर्व्हेच्या बोटींवर खंबातच्या आखातात आणि कच्छच्या आखातात पाण्याची मोजमापं घेतली, आता तलाववाल्यांना पाण्याबद्दल सल्ला देतो. हा प्रश्न दर सीझनला कोणीतरी विचारतंच आणि प्रत्येकाला खोली पाहिजे असते, दोन मीटर की तीन मीटर. पण त्या खाडीत फरक खोलीत नसतोच, फरक वेळेत असतो. दिवसात किती वाजता पाणी घेतलं, कोणत्या तिथीला घेतलं, कोणत्या महिन्यात घेतलं. फुटव्हॉल्व्ह कुठे ठेवायचा ते शेवटी एका ओळीत सांगण्यासारखं आहे, पंप कधी चालू करायचा ह्याच्यावर खरी मेहनत आहे.

आता थर का दिसत नाहीत ते बघू. आपल्याकडे मे महिन्यात विहिरीत उडी मारली की छातीपर्यंत पाणी कोमट आणि पायाला एकदम गार लागतं, म्हणून आपल्याला वाटतं की खोल पाणी म्हटलं की थर असणारच. विहिरीत थर टिकतो कारण तिथे पाण्याला ढवळणारं कोणी नाही. वरून ऊन तापवतं, गरम पाणी हलकं म्हणून वरच राहतं, खालचं खालीच. तुमची खाडी ज्याला मिळते त्या खंबातच्या आखातात मात्र दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते आणि ती साधीसुधी नाही, भावनगरला उधाणाच्या दिवसांत पाण्याची पातळी १० मीटरच्या वर चढउतार करते, तुमच्या हजिरा-ओलपाडच्या बाजूला ५-६ मीटर. एवढं पाणी सहा तासांत आत यायचं आणि सहा तासांत बाहेर जायचं म्हटल्यावर प्रवाह किती जोरात असेल विचार करा. तो प्रवाह तळाला घासत जातो, तळाशी भोवरे उठतात आणि ते वरपर्यंत सगळं ढवळून काढतात. त्यात आखात उथळ, बराचसा भाग २०-३० मीटरच्या आतबाहेर, त्यामुळे तळाचा भोवरा वरपर्यंत पोचायला काही अडचणच नाही.

ह्याचा एक सोपा हिशोब आहे, १९७४ साली सिम्पसन आणि हंटर ह्या दोघांनी आयरिश समुद्रावर काम करून मांडला, आणि आम्ही आजही बोटीवर बसून कागदावर तोच करतो. मीटरमधली खोली घ्यायची आणि तिला प्रवाहाच्या वेगाच्या घनाने भागायचं, वेग मीटर प्रति सेकंदात. उत्तर साधारण ५०० च्या खाली आलं तर उन्हाळ्यातसुद्धा पाणी वरपासून खालपर्यंत एकजीव राहतं, त्याच्या वर गेलं तर थर होतात. आता २५ मीटर खोली आणि दीड मीटर वेग धरा, २५ भागिले सव्वातीन-साडेतीन, उत्तर आलं ७ च्या आसपास. कुठे ५०० आणि कुठे ७. ऊन कितीही तापू दे, थर होणं शक्यच नाही. ह्याच्या उलट बाहेर खुल्या समुद्रात ६५ मीटर खोली आणि वेग फक्त ०.४ असला तर उत्तर हजाराच्या वर जातं आणि तिथे उन्हाळ्यात थर होतो. गंमत वेगाच्या घनात आहे, वेग दुप्पट झाला की ढवळणं आठपट.

एक शंका हुशार माणूस इथे काढतो की आखाताचं पाणी तर चहासारखं गढूळ असतं, म्हणजे ऊन वरच्या हातभर पाण्यातच अडकणार, मग वरचं पाणी जास्तच तापायला पाहिजे. बरोबर आहे, आणि भरती-ओहोटी नसती तर तसंच झालं असतं. पण तो गाळच मुळात प्रवाहाने तळापासून उचललेला असतो. जिथे गाळ वरपर्यंत पोचलाय तिथे तळाचं पाणीही वर पोचलंय, त्यामुळे भर मे महिन्यात वरती चिखलपाणी दिसलं की सीटीडी (खोलीप्रमाणे टेम्परेचर आणि खारटपणा मोजणारं यंत्र) खाली सोडायच्या आधीच मला आलेखाची रेघ सरळ येणार हे माहीत असतं.

तुम्ही बघितलेला व्हिडिओ इराणच्या आखाताचा असणार. तिथे गोष्ट वेगळी आहे. सरासरी खोली ३५ मीटर, भरती-ओहोटी आपल्या मानाने कमी, मोठी नदी फक्त शत अल अरब आणि बाष्पीभवन भयंकर. उन्हाळ्यात वरचं पाणी ३२-३४ डिग्रीला जातं आणि खाली थंड थर राहतो, थंडीत वारा सुटला की सगळं परत एक होतं. पाणी उडून उडून तिथला खारटपणा ४० च्या आसपास जातो, ते जड पाणी तळाने सरकत होर्मुझच्या सामुद्रधुनीतून बाहेर पडतं आणि वरून अरबी समुद्राचं त्यामानाने कमी खारं पाणी आत येतं. म्हणजे वर हलकं, खाली जड, व्हिडिओत सांगितलं ते तिथे खरं आहे. ते चित्र उचलून ओलपाडच्या खाडीवर ठेवलं की घोळ होतो.

मीटरबद्दल दोन गोष्टी तरी तपासून घ्या. रिफ्रॅक्टोमीटर (डोळा लावून खारटपणा वाचायचा मीटर) डिस्टिल्ड पाण्यावर शून्य दाखवतो का ते रोज बघा, आणि गढूळ नमुना पाच-दहा मिनिटं ठेवून गाळ बसू द्या, नाहीतर रेघ पुसट दिसते आणि माणूस अंदाजाने आकडा लिहितो. साध्या रिफ्रॅक्टोमीटरमध्ये एक पीपीटी इकडे-तिकडे होतंच, म्हणून अर्ध्या-एक पीपीटीच्या फरकावर डोकं लावायचं नाही. दुसरं म्हणजे तळाचं पाणी कसं काढलं? उघडी बाटली दोरीला बांधून सोडली असेल तर ती जाताना वरच्याच पाण्याने भरते आणि तुम्ही दोन्ही वेळा वरचंच पाणी मोजलं. बाटलीला बूच लावा, बुचाला वेगळी दोरी, तळाला गेल्यावर झटका देऊन बूच काढायचं. मे महिन्यात तरी उत्तर तेच येईल, ऑगस्टमध्ये मात्र फरक पडू शकतो.

कारण पावसाळ्यात ऊन बाजूला राहतं आणि नदी मध्ये येते. खाऱ्या पाण्याचं वजन बघा: एक पीपीटी खारटपणा वाढला की एक हजार लिटर पाणी पाऊण किलोने जड होतं. तीस डिग्रीच्या आसपास टेम्परेचर एक डिग्रीने वाढलं तर ते जेमतेम एक तृतीयांश किलोने हलकं होतं. म्हणजे एक पीपीटीचा फरक सव्वादोन डिग्रीच्या बरोबरीचा. उन्हाने चारेक डिग्रीचा फरक पडला तरी वजनात सव्वा-दीड किलो, आणि नदीचं गोड पाणी ३० पीपीटीच्या समुद्रावर आलं तर फरक वीस किलोच्या वर. एवढं हलकं पाणी ढवळून मिसळायला भरतीलाही घाम फुटतो. त्यामुळे तापीला मोठा विसर्ग चालू आहे, त्यात अष्टमीच्या पुढचे भांगाचे दिवस आहेत म्हणजे भरतीचा जोर कमी, आणि तुम्ही नदीच्या मुखाजवळ आहात, असं तिन्ही जुळून आलं तर वर गोड आणि खाली खारं असा थर तिथे होतो, पुस्तकातल्यासारखा. पुढची अमावस्या-पुनव आली की उधाणाची भरती त्याला मोडून काढते. मुखापासून लांब गेलात तर थर दिसत नाही पण सगळं पाणीच वरपासून खालपर्यंत कमी खारं झालेलं असतं.

आता हा विसर्ग येतो कुठून तर आपल्याकडूनच. तापीचं खोरं सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटर, त्यातला मोठा भाग महाराष्ट्रात. पूर्णा चांगदेवला मिळते, पुढे वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा येतात आणि प्रकाशाच्या पुढे तापी गुजरातेत शिरते. वरती नर्मदाही आपल्या अक्कलकुवा-धडगावच्या हद्दीला घासून त्याच आखातात जाते. म्हणून आपल्या लोकांना वाटतं की पेपरात तापीवरच्या हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडल्याची बातमी आली की दोन-चार दिवसांत खाडीचं पाणी गोड होणार. तसं होत नाही, मध्ये उकाई बसलंय. १९७२ साली पूर्ण झालेलं ते धरण सात हजार दशलक्ष घनमीटरच्या वर पाणी पोटात घेतं, आणि सीझनच्या सुरुवातीला रिकामं असेल तर हतनूरहून आलेलं सगळं पाणी आत जिरवून टाकतं, खाली टिपूसही सोडत नाही. त्यामुळे हतनूरची बातमी फक्त सावध व्हायला चांगली, पण बघायची असते उकाईची पातळी. ३४५ फूट ही तिची पूर्ण पातळी, ती तिच्या जवळ यायला लागली आणि वरून पाणी चालूच असलं की मग विसर्ग येणार हे धरून चाला. बहुतेक वर्षी हे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होतं, काही वर्षी जवळजवळ होतच नाही.

किती पाणी ते पण बघा. एक लाख क्युसेकचा (सेकंदाला एक लाख घनफूट) विसर्ग एक दिवस चालला तर साधारण २४५ दशलक्ष घनमीटर गोड पाणी खाली जातं. ऑगस्ट २००६ मध्ये नऊ लाख क्युसेकपर्यंत सोडावं लागलं होतं, सुरत बुडालं ते तेव्हाच, लिंबायत-उधन्याला आपले खान्देशी लोक किती आहेत, प्रत्येकाच्या घरात त्या पुराची गोष्ट आहे. ते टोकाचं झालं. पण लाख-दोन लाखाचा विसर्ग आठवडाभर चालला तरी मुखाच्या आजूबाजूच्या खाड्यांचा खारटपणा निम्म्याखाली येऊ शकतो, आणि विसर्ग थांबला की लगेच वर चढत नाही. भरती तेच पातळ झालेलं पाणी आत-बाहेर करत राहते, बाहेरचा खरा समुद्र हळूहळूच मिसळतो. म्हणून ऑक्टोबरमध्ये पाऊस संपून महिना झाला तरी मीटर २२-२५ दाखवतो आणि नवीन माणूस परत मीटरला शिव्या देतो.

वर्षभराचं चित्र साधारण असं असतं, आकडे तुमच्या जागेप्रमाणे हलतील. जानेवारीत पाणी सगळ्यात थंड, २२ ते २४ डिग्री, उथळ खाडीत पहाटे त्याच्याही खाली, कारण उत्तरेचा कोरडा वारा. मार्चपासून चढायला लागतं, मेपर्यंत २९-३०. खारटपणाही तेव्हाच सगळ्यात जास्त. मग पाऊस, ढग, वारा, टेम्परेचर थोडं उतरतं. ऑक्टोबरच्या उन्हात परत एकदा चढतं, आपल्याकडे ऑक्टोबर हीट म्हणतात तीच समुद्रालाही लागते. नोव्हेंबरच्या शेवटापासून घसरण.

आता मुद्द्याचं: पंप कधी चालवायचा.

उन्हाळ्यात तुमच्या खाडीत वरून गोड पाण्याचा थेंब येत नाही, बंधारे आणि कॉजवे सगळं अडवतात. खाडीच्या आतल्या टोकाला उथळ पाणी उन्हात उडत राहतं, त्यामुळे आत समुद्रापेक्षा जास्त खारं होतं. समुद्र ३५ असेल तर आत ३८ पण मिळेल. कच्छच्या आखातात हेच मोठ्या प्रमाणावर होतं, नदी नाही, पाऊस कमी, आतल्या टोकाला ४० पर्यंत जातं आणि मुखाकडे कमी. तर उन्हाळ्यात भरतीला जे पाणी येतं ते कमी खारं आणि ओहोटीला जे उतरतं ते जास्त खारं. पावसाळ्यात बरोबर उलटं, भरतीचं पाणी जास्त खारं आणि ओहोटीचं गोडसर. त्यामुळे एकाच ठिकाणी, एकाच खोलीवर, सहा तासांच्या अंतराने चार-पाच पीपीटीचा फरक पडू शकतो आणि तुम्ही तो वर-खाली शोधत बसता.

माझा सल्ला बाराही महिने भरतीच्या पाण्याचा. भरती पूर्ण भरायच्या तासभर आधीपासून ते ती वळेपर्यंत. एक तर ते समुद्राचं पाणी असतं, ओहोटीच्या पाण्यात शेजारच्या सगळ्या तलावांचं सोडलेलं पाणी आणि त्यांचे रोग उतरत असतात, व्हाइट स्पॉट हा झिंग्याचा विषाणूरोग असाच फिरतो. दुसरं, भरती वळताना प्रवाह थांबतो आणि गाळ थोडा खाली बसतो. तिथी पण बघा. अमावस्या-पुनवेनंतर एक-दोन दिवस उधाण सगळ्यात जोरात, पाणी भरपूर पण गाळ भयंकर. अष्टमीच्या पुढे पाणी स्वच्छ पण तुमच्या पंपापर्यंत पुरेसं चढेलच असं नाही. मधले दिवस बरे, म्हणजे तृतीया-चतुर्थीनंतरचे किंवा एकादशी-द्वादशीच्या आसपासचे. पंपाची जागा किती उंच आहे ह्यावर हे सगळं अवलंबून, तुमच्या जागेवर आठ-पंधरा दिवस दर तासाला एकदा मोजून वहीत लिहा, त्याच्यापुढे माझा अंदाज काही कामाचा नाही. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते हे लक्षात ठेवून कामगाराला सांगा, नाहीतर तो रोज सकाळी आठलाच पंप लावेल.

फुटव्हॉल्व्ह: तळापासून मीटरभर वर, म्हणजे चिखल ओढणार नाही, आणि ओहोटीतही उघडा पडणार नाही असा. बस. फक्त विसर्ग चालू असताना तुमचा तलाव तापीच्या मुखाजवळ असेल तर खालून घ्या, तेव्हा खालचं पाणी जास्त खारं मिळण्याची शक्यता असते. त्याहून चांगलं म्हणजे उकाईची पातळी चढताना बघून साठवण तळं आधीच भरून ठेवा आणि विसर्गाच्या दिवसांत पंपाला हातच लावू नका.

आणि आता जे तुम्ही विचारलं नाही पण विचारायला पाहिजे होतं. जे थर तुम्ही खाडीत शोधताय ते तुमच्या तलावात आहेत. तेच पाणी बांधाच्या आत आलं की भरती-ओहोटी संपली, ढवळणारा फक्त वारा आणि तुमचे एरेटर (पाण्यात हवा मिसळणारी यंत्रं). दीड मीटरच्या तलावात वीस पीपीटी पाणी आहे आणि रात्री १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर पूर्ण मिसळल्यावर खारटपणा पावणेएकोणीस, म्हणजे काहीच विशेष नाही. पण लाइट गेली, एरेटर बंद, वारा पडलेला, तर ते दहा सेंटीमीटर गोड पाणी वर तसंच पसरून राहतं. खालच्या पाण्याला हवा मिळत नाही, झिंगे तळाला राहतात, पहाटेपर्यंत ऑक्सिजन संपतो. दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं तर अजून एक भानगड, ऊन वरच्या गोड थरातून खाली जातं, खालचं खारं पाणी तापतं पण जड असल्यामुळे वर येऊन थंड होऊ शकत नाही, उष्णता तिथेच अडकते. भुजला डेअरीला गरम पाणी द्यायला मुद्दाम असा खाऱ्या थरांचा सोलर पॉन्ड बांधला होता, तुमच्या तलावात ते फुकटात होतं आणि नुकसानीत जातं.

म्हणून जोराच्या पावसाचा अंदाज आला की गेटच्या वरच्या फळ्या काढून ठेवा, पावसाचं पाणी वरच्या वर वाहून जाऊ द्या, आणि मग एरेटर चालवून उरलेलं मिसळा. आधी मिसळलं तर गोड पाणी तलावातच राहिलं. ऑक्सिजन पहाटे चार-पाचला तळाशी मोजा, दुपारी वर मोजून उपयोग नाही. जनरेटर पावसाळ्यात डिझेल भरून तयार पाहिजे, ह्यात कंजुषी करणारे मी फार बघितलेत.

उन्हाळ्यात तलावात उलटा त्रास. दिवसाला ८ मिलिमीटर पाणी उडतं असं धरा, महिन्याला २४ सेंटीमीटर झालं. ३० पीपीटीचा दीड मीटर तलाव तसाच सोडला तर महिन्याने जवळजवळ ३६, आणि उडालेलं पाणी खाडीच्या ३० पीपीटी पाण्यानेच भरून काढलं तरी ३५, कारण मीठ उडत नाही, तुम्ही अजून मीठच घालताय. तुमच्या खाडीत मेमध्ये ३६ आहे म्हणजे तलाव ४० च्या पुढे जाणार. व्हॅनामेई (तलावात वाढवतात ती झिंग्याची जात) ते सहन करतो, मरत नाही, पण वाढ मंदावते, १५ ते २५ मध्ये तो खरा खुश असतो. म्हणून तिकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये बी टाकून पावसाच्या आत काढायचा प्रयत्न असतो. दुसरं पीक घ्यायचं असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरचं पाणी खारटपणाला छान असतं, अडचण टेम्परेचरची. डिसेंबरमध्ये तलाव पहाटे २२ च्या खाली गेला की झिंगा खाणं कमी करतो, खाद्य तेवढंच टाकत राहिलात तर ते तळाला सडतं. त्यामुळे दुसरं पीक नोव्हेंबरअखेर निघणार असेल तरच घ्या, जानेवारीपर्यंत ओढू नका.

तलाव खाडीच्या मुखापासून किती किलोमीटर आत आहे, ती खाडी तापीची आहे का कीम नदीच्या बाजूची, आणि मेमधलं ते ३६ कोणत्या वेळेला मोजलं होतं, भरतीला का ओहोटीला, एवढं कळवा, मग तुमच्यापुरतं नेमकं सांगता येईल.